टाकी ओतायचं काम

"टाकी ओतायची कामं मी करू? मग तुझी बहीण कशाला पोसलीय?" दाजीनं पाना माझ्या अंगावर भिरकावला. त्याच्या टर्बो डिझेल गाडीला मी ऑइल कॅच टँक बसवत होतो.

मी ताईला समजावलं, "इंजिनातून उडणारं तेल या टाकीत साठतं. वेळेवर ओतलं नाहीस तर ते परत आत जातं, आणि इंजिन त्या तेलावरच सुसाट सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही, फुटेपर्यंत."

"फुटेपर्यंत?" तिनं सुजलेल्या ओठांनी विचारलं.

"एकदा सांगून कळत नाही मठ्ठीला!" दाजीनं तिच्या पाठीत गुद्दा घातला. मी पाना उचलला, पण ताईनंच माझं मनगट धरलं. मागे ती आमच्या घरी पळून आली होती, तेव्हा यानं याच गाडीतून येऊन तिला केसांना धरून ओढत नेलं होतं.

त्याला काही महिने झाले. आत्ता दाजीचा फोन आला. मागे इंजिन किंचाळत होतं. "चावी माझ्या हातात आहे, तरी ही बया थांबत नाही! पळत ये, नाहीतर तंगडं तोडीन!"

"आलोच," म्हटलं.



ताई बॅग घेऊन कोपऱ्यावर उभी आहे, आणि आज तिच्या मागे यायला त्याच्याकडे गाडी नाही. निघतो मी.