क्लच त्यांचा, गिअर तिचा

बाबांनी क्लच दाबला आणि शेजारी बसलेल्या आईने गिअर टाकला. मागच्या सीटवर मुलीचा जीव टांगणीला लागला होता.

ऑपरेशननंतर बाबांच्या डाव्या हाताची बोटं वळत नव्हती. गिअरचा दांडा काही धरता येईना. मग दोघांनी काम वाटून घेतलं. बाबा क्लच दाबून इंजिन चाकांपासून सुटं करत, तेवढ्यात आई दुसऱ्याचा तिसरा करी आणि बाबा हळूच पाय सोडत. गाडीला पत्ताही लागत नसे.

"एक दिवस अंगाशी येईल हे," मुलगी म्हणाली आणि तिने गाडी थेट शोरूमकडे घ्यायला लावली.

तिथली गाडी ऑटोमॅटिक होती. वेगाप्रमाणे ती स्वतःच गिअर बदलते, असं विक्रेत्याने समजावलं. बाबा ड्रायव्हरच्या जागी बसून खालच्या दोनच पेडलांकडे बघत राहिले.

"बरं झालं," शेजारून आई म्हणाली. "सुटले बाई मी." पण तिचा चेहरा उतरला होता.

बाबा खाली उतरले आणि वळसा घालून तिच्या दाराशी आले.

"उतर. तू चालव."

"काहीतरीच काय!"

"लायसन काय शोभेला काढलंस?"

"क्लच सोडला की बंद पडायची. म्हणून तर नाद सोडला."

"हिला क्लचच नाही. आणि गिअर कधी बदलायचा, हे वर्षभरात मी तुला एकदा तरी सांगितलं? आवाज ऐकून तूच टाकत होतीस."

आईने चष्मा पुसला. सीट पुढे ओढून घेतली. मुलगी आणि विक्रेता मागे बसले. ब्रेकवरून पाय उचलताच गाडी आपसूक सरकली. "अगं बाई!" आई दचकली, मग हसली. पहिल्या चौकापर्यंत ती श्वास रोखून होती. दुसऱ्या चौकानंतर तिचे खांदे सैल पडले. मोकळ्या रस्त्यावर तिने वेग वाढवला. इंजिनाचा आवाज चढला आणि अलगद उतरला.

"पडला तिसरा," ती स्वतःशीच म्हणाली.

"मॅडम, इथून डावीकडे," विक्रेत्याने सांगितलं. "शोरूमला परत."

गाडी सरळ पुढे गेली.

"मॅडम, वळण गेलं."

"दिसलं मला," आई म्हणाली.

बाबांनी मागे वळून विक्रेत्याला विचारलं, "तुम्हाला काही घाई नाही ना?"