रिहाबची फेरी

समुद्रकाठच्या महदिया गावातल्या आमच्या संस्थेत मन्नूबियाखाला बावीस वर्षं गरिबांसाठी कुसकुस, म्हणजे वाफवलेल्या रव्याचं जेवण, रांधायच्या. हळूहळू गल्लीतली पोरं इटलीला गेली, पैसे पाठवू लागली, आणि जेवायला कुणी येईना. उरलेल्या म्हाताऱ्यांना सोबत हवी होती. संस्थेनं चूल बंद केली आणि घरोघरी जाऊन बसायला तरुण रिहाबला नेमलं. आता जो तो विचारायचा, "रिहाब कधी येणार?" खालांचा जळफळाट व्हायचा. "गप्पा मारायचा पगार घेते!" एके दुपारी चूक पकडायला त्या तिच्यामागोमाग दलंदाआजींच्या दारात पोचल्या. आत आजी पोट धरून हसत होत्या. खाला उंबऱ्यावरच बसल्या. त्यांच्या स्वतःच्या घरी गेल्या ईदपासून कुणी आलं नव्हतं. रिहाब बाहेर आली. "खाला, तुमचं नाव माझ्या फेरीच्या यादीत घालू?" "घाल," खाला फणकारल्या, "पण उद्या आधी माझ्याकडे यायचं. आणि त्या म्हातारीपेक्षा जास्त वेळ बसायचं, सांगून ठेवते!"