वाकून नमस्कार

"मुलीच्या पाठीचा कणा वाकडा आहे, पण धोका नाही. ऑपरेशन करायचं का, तुम्हीच ठरवा," डॉक्टर म्हणाले. आईने लगेच ठरवलं. शाल्मली टाळत राहिली. तिला त्या पाठीचा भारी उपयोग होता.

बघायला आलेलं स्थळ नावडलं, की ती थोरामोठ्यांना कमरेत वाकून नमस्कार करायची. पाठीवर एका बाजूला उंचवटा यायचा आणि पाहुणे पोहे अर्धवट टाकून निघायचे.

आजचा मुलगा आवडला. तिने लांबूनच हात जोडले. मग वाटलं, बघूच तरी! ती त्याच्या आजीपुढे चांगली वाकली.

आजीचा चमचा हवेतच थांबला. मुलाने ती पाठ नीट पाहिली आणि रिकामी बशी पुढे केली. "अजून थोडे मिळतील?"

आई कुजबुजली, "आता तारीख घ्यायची ना ऑपरेशनची?"

"ते राहू दे गं. पोहे आण."