तीन मोजेपर्यंत

"खोट्या कुस्तीला खरे पैसे द्यायचे? डोकं फिरलंय काय तुझं?" आप्पांनी मोबाईल हर्षलीच्या हातात परत कोंबला. तालमीचे वस्ताद ते, आणि त्यांच्याच घरात परदेशी कुस्त्यांचं ॲप! फुकटचे सात दिवस आज संपत होते आणि पुढचं पॅक मारायचं तर आप्पांच्या होकाराशिवाय जमणारच नव्हतं.

"एकच कुस्ती बघा ना आप्पा, बायकांची आहे. नाही आवडली तर आत्ता काढून टाकते, आईशप्पथ!"

आप्पा नाइलाजानं खुर्चीच्या कडेला टेकले. पडद्यावर निळ्या केसांची एक बारकी पोरगी धिप्पाड बाईशी झुंजत होती. बाईनं तिला उचलून असं आपटलं की तिची पाठ सपशेल टेकली.

"झालं, चितपट! बंद कर," म्हणत आप्पा उठले.

"अहो, तिथं पंचांनी तीन मोजेपर्यंत उठता येतं!"

एक... दोन... आणि निळ्या केसांवालीनं खांदा उचलला! आप्पा जे उभे राहिले, ते ती जिंकेपर्यंत उभेच. जाताना एवढंच म्हणाले, "बघू उद्या."

दुसऱ्या दिवशी तालमीत थोरल्या गटातल्या वैदेहीनं ढाक मारली आणि हर्षलीची पाठ मातीला लागली. वैदेही हात वर करून नाचायलाच लागली.

"ए, थांब!" आप्पा कडाडले. "अजून दोनच झालेत!"

मातीत पडल्या पडल्याच हर्षलीला कळलं, पॅक पक्कं. मग तिनं खांदा उचलला.