बिनपाण्याची बाजरी

संशोधन केंद्र आणि एका परदेशी संस्थेनं मिळून काढलेलं बाजरीचं नवं वाण गेल्या वर्षी पाथर्डीकडच्या छबूबाईंच्या वावरात चार ओळी पेरून पाहिलं. पाणी अजिबात द्यायचं नाही, एवढीच अट होती. आजूबाजूचं सगळं करपलं, त्या चार ओळी तेवढ्या कणसांनी भरल्या. केंद्राच्या साहेबांनी फोटो काढले, छबूबाईंना शाल घातली. यंदा अख्ख्या गावानं तेच वाण पेरलं. पाऊस पुन्हा हुकला आणि शिवार वाळून गेलं.

"वहिनी, तुमची तर पान्याबिगर आल्ती की," शेजारचा सहादेव बांधावरून म्हणाला.

छबूबाईंनी बाजरीचं एक वाळलेलं ताट उपटून हातात घेतलं.


"ताटं माना टाकायची, बघवायचं न्हाई. टँकरच्या पान्यातला एक हंडा रोज वतत हुते. आता कुनाकुनाच्या वावरात वतू, भावजी?"