रेश्माचा जबाब

"दुभाषी आणि मुलीची आई, दोघंच आत या. बाकी सगळे बाहेर," फौजदार शिवांजली मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

मुलीची आई म्हणजे मंगल. तिची पल्लवी तीन आठवड्यांपूर्वी पाचगणीच्या घाटात गाडीखाली गेली होती. स्ट्रॉबेरीच्या शेडवरचं पॅकिंगचं काम आटपून ती आणि रेश्मा रस्त्याच्या कडेनं खोलीवर चालल्या होत्या. दोघी जन्मापासून बहिऱ्या. मागून आलेली गाडी दोघींनाही कळली नाही. पल्लवी तिथंच रस्त्यावर गेली, गाडी पसार झाली.

पाहिलं ते एकट्या रेश्मानं. पण दुसऱ्याच दिवशी तिचे भाऊ तिला जतकडं गावी घेऊन गेले. पोलिसांच्या भानगडीत आपली पोरगी नको म्हणून तिचा मोबाइलही काढून घेतला. आणि ठाण्यातले म्हणाले, बोलताच येत नाही तिचा जबाब घ्यायचा कसा?

तेव्हा साताऱ्याच्या कर्णबधिर संघटनेनं ठाण्यासमोर ठिय्या दिला. संघटनेचा अध्यक्ष ऋषिराज स्वतः बहिरा, पण लिहिण्यात पक्का. रोज एक अर्ज आत द्यायचा. कायद्यानं दुभाषी द्यावा लागतो, जबाबाचं चित्रीकरण करावं लागतं, हे कलमांसकट मांडायचा. पंचवीस-तीस पोरंपोरी फलक धरून उन्हात बसायची. मंगलही मेंढरं दिरावर सोपवून त्यांच्यात येऊन बसली होती.

अपघातानंतर एकविसाव्या दिवशी वरून आदेश आला आणि रेश्माला आणायला जतला गाडी गेली.

दुभाषी कोण, यावर पुन्हा अडलं. ऋषिराजनं लिहून दिलं, आमच्यातलाही एक माणूस आत बसू द्या. ठाण्याचे मोठे साहेब हसले. म्हणाले, "बहिऱ्याला काय ऐकू येणार?"

शेवटी मंगलच बोलली. "आमच्या नाथाजी सरांना बोलवा. बहिऱ्यांच्या शाळंत माझ्या पोरीला त्यांनीच शिकीवलंय. रेश्माला बी."

एका फोनवर सर आले. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, गुडघे दुखत होते, तरी एस.टी.नं आले. मंगलला तेवढ्यानंच भरून आलं.

आत मोबाइल स्टँडला लावून शूटिंग सुरू झालं. सर टेबलाच्या कडेला बसले. आधीच आत बसवलेली रेश्मा त्यांना पाहून पांढरीफटक पडली. उठून दाराकडं निघाली. मंगलनं तिचा हात धरला आणि पल्लवीशी करायची तशी घरगुती खूण केली. सांग, बाई, सांग.

"घाबरलीय पोर," सर म्हणाले. "तीन आठवडे कोंडून ठेवलेली."

रेश्मानं मंगलकडं पाहिलं. मग तिचे हात सुरू झाले. इतके जोरात की बांगड्या मनगटावर आपटत होत्या. मध्येच तिनं सरांकडं बोट केलं. पुन्हा केलं.

"काय म्हणतेय?" मॅडमनी विचारलं.

"मला म्हणतेय, सर, तुम्हीच सांगा यांना." सरांनी घाम पुसला. "पांढरी जीप होती. परगावची. टोपी घातलेला तरुण पोरगा चालवत होता. नंबर दिसला नाही."

मंगल मनात चरकली. "सर, एवढं हात हालवलं तिनं. आन् एवढंच?"

"हातांच्या भाषेचं तसंच असतं, ताई. एकच गोष्ट चारदा सांगतात."

मॅडमनी लिहून घेतलं. वाचून दाखवलं. सरांनी सही केली. रेश्मानं पदरानं तोंड पुसलं आणि मंगलच्या खांद्यावर डोकं टेकवलं. डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवावं तशी ती सैल पडली होती.

मंगल वाकून सरांच्या पाया पडली. "तुमी न्हाई आला असता तर माझ्या लेकीला वाचा न्हवती, सर."

"असू दे, असू दे. निघतो मी. पाचची एस.टी. गाठायचीय."

बाहेर पोरं अजून बसून होती. खिडकीतून मंगलला ती दिसली. कुणाला आत काय झालं ते ठाऊक नव्हतं.

"मॅडम," मंगल म्हणाली, "शूटिंग झालंच हाय, तर त्या ऋषिराजला बी दावा की. इतकं दिवस उन्हात बसलाय त्यो. त्याचं कष्ट फळाला आल्यालं बघू दे त्याला."

"कशाला?" सर म्हणाले. "तपासाचा कागद आहे तो. असा कुणालाही दाखवत नाहीत."

मॅडमनी सरांकडं पाहिलं. जबाबाच्या कागदाकडं पाहिलं. सात ओळी होत्या. चित्रीकरण अठरा मिनिटांचं.

"बोलवा त्याला," त्या शिपायाला म्हणाल्या. "आणि सर, पाच मिनिटं बसा."

ऋषिराज आला. उभ्यानंच पाहू लागला. थोडं पाहून त्यानं हातानं थांबवायला सांगितलं, मागं न्यायला लावलं, पुन्हा पाहिलं. मग खुर्ची ओढून बसला, खिशातलं पेन काढलं आणि लिहू लागला.

लिहून झाल्यावर त्यानं कागद मॅडमकडं दिला नाही. मंगलपुढं ठेवला.

मंगल चौथीपर्यंत शिकलेली. एकेका अक्षरावर बोट ठेवत ती वाचू लागली.

"रेश्मा म्हणते, गाडी नाथाजी सरांची होती. तेच चालवत होते. खाली उतरले तेव्हा पल्लवी जिवंत होती. तिनं त्यांना ओळखून हात जोडले, आणि सर गाडीत बसून निघून गेले."