चव बघायला

"पांढरा असा लागतो," नृसिंह म्हणाला आणि त्यानं वाटी तोंडाला लावली.

समोर बसलेल्या त्याच्या बायकोनं, अवंतिकानंही घोट घेतला. रस्सा गरम आहे एवढंच तिला कळलं. शेजारी नऊ वर्षांची मैथिली दुसरी वाटी मागत होती. घरात रश्श्याला हात न लावणारी पोरगी. सलग तिसरा रविवार ते याच खानावळीत जेवत होते.

साथीच्या दुसऱ्या लाटेत अवंतिकाला ताप आला. ताप गेला, पण त्याबरोबर वास गेला आणि चवही गेली. महिन्याभरात येईल असं डॉक्टर म्हणाले होते. तीन वर्षं झाली. सुरुवातीला कुणी विचारलं की ती "येईल" म्हणायची. पुढं "आली" म्हणायला लागली. शिवाजी पेठेतल्या तिच्या गल्लीत तिचं नाव होतं ते तिच्या हाताच्या चवीमुळं. नणंदेच्या सासरचे लोक तिचा पांढरा रस्सा प्यायला सांगलीहून यायचे. हातातून तेच गेलं हे सांगायला तिची जीभ रेटेना.

मग ती आठवणीनं स्वयंपाक करायला लागली. चटणी दोन चमचे, मीठ दीड. आणि ताट वाढण्याआधी चमचाभर कालवण घेऊन आतल्या खोलीत जायची. तिथं कॉटवर सासूबाई, अक्का, पडून असायच्या. मणका मोडल्यापासून त्यांचं उठणं बंद झालं होतं.

"अक्का, जरा चव बघा."

अक्का उशीवर कोपर टेकून चाखायच्या. डोळे मिटून, नीट जिभेवर घोळवून सांगायच्या, "झ्याक झालंय." कधी म्हणायच्या, "मीठ किंचित वाढीव." अवंतिकाचा जीव भांड्यात पडायचा.

घरातल्या बाकीच्यांचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. नृसिंह शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर होता. त्याचा डबा भरलेला परत येऊ लागला. एकदा ताट सरकवून तो म्हणाला, "ह्यात काय घातलंयस तरी काय?"

"अक्कांनी चाखलंय. त्यांना विचारा."

"अक्काला गोड लागतंय न्हवं? मग अक्कालाच घाल."

तो आपल्याला बघून तोंड वाकडं करतो, चवीचं नुसतं निमित्त, असं अवंतिकाच्या मनानं घेतलं. रोज दोन वेळा अक्कांचा निर्वाळा मिळत असताना तिला दुसरं काही सुचणार तरी कसं?

खानावळीतल्या त्या तिसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारी, मे महिन्यात, तिनं ठरवलं, उद्या बुधवार, पांढरा घरीच करायचा. आता बघतेच कोण नावं ठेवतंय. संध्याकाळी मटण शिजवून त्याच्या पाण्याची अळणी काढली, नारळाचं दूध पिळलं, सगळं फ्रीजमध्ये ठेवलं. पाठोपाठ लाइट गेली. ती सकाळी उजाडल्यावर आली. पूर्वी अशा वेळी तिनं झाकण उघडून एकदा नाक जवळ नेलं असतं आणि काय ते ठरवलं असतं. आता तिनं पातेलं सरळ गॅसवर चढवलं.

अकराच्या सुमारास ती चमचा घेऊन आत गेली. अक्कांनी घोळवून घोळवून चाखलं. "लई दिसानं जमलाय गं," त्या म्हणाल्या.

नृसिंह पहिल्या पाळीला गेला होता. त्याच्यासाठी थांबून अवंतिकानं एकट्या मैथिलीचं पान वाढलं. मैथिलीनं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"मम्मी, आंबट लागतंय."

बाप बोलतो तेच पोर बोलतंय, असं अवंतिकाला वाटलं. "आजीनं चाखलंय. गप पी."

"खरंच आंबट हाय."

"वाटी रिकामी झाल्याशिवाय उठायचं न्हाय."

मैथिली रडत रडत प्यायली. चार वाजता उलट्या सुरू झाल्या. सहा वाजता ती दवाखान्यात होती, डोळे पांढरे झालेले, हाताला सलाईन. दोन दिवस तिला अतिदक्षता विभागात ठेवलं. लघवी होत नव्हती. डॉक्टर काही सांगत नव्हते.

पहिल्याच रात्री कपडे आणायला घरी गेलेला नृसिंह परत आला तो सरळ अवंतिकासमोर उभा राहिला.

"पातेल्यावरचं झाकण काढलं तर मला नाक दाबायला लागलं. तुला वास आला न्हाय?"

"न्हाय आला," ती म्हणाली. "तीन वर्षं कसलाच येत न्हाय. चवही लागत न्हाय."

तो बाकड्यावर जाऊन बसला, दूर, दुसऱ्या टोकाला.

तिसऱ्या दिवशी मैथिली वाचली. चौथ्या दिवशी नर्सनं पेज द्यायला सांगितली. अवंतिकानं चमचा पुढं केला. मैथिलीनं ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. नृसिंहनं वाटी तिच्या हातातून काढून घेतली. त्याच्या हातून पोरगी मुकाट्यानं प्यायली.

अवंतिका घरी आली ती तडक आतल्या खोलीत गेली. चप्पल पायातच होती. अक्का जाग्याच होत्या.

"पोरगी?"

"वाचली." अवंतिका कॉटच्या कडेला टेकली. "अक्का, त्या तापापास्नं मला चव लागत न्हाय. घरातलं सगळं मी तुमच्या जिभेवर करत होते. तो रस्सा नासला होता. तुम्हांला कसा कळला न्हाय?"

अक्कांनी नजर छताकडं फिरवली.

"मलाबी लागत न्हाय," त्या म्हणाल्या. "ताप मलाबी आल्ता की. तवापास्नं माती बी तशीच नि गूळ बी तसाच."

"मग तीन वर्षं रोज चाखून का सांगत होता?"

अक्कांनी तोंड तिच्याकडं वळवलं.

"ह्या घरात दुसरं कोण काय इचारतंय मला?"